लिहोसिन का निसटलं?

अकोले तालुक्याची हद्द ओलांडली की सिन्नर लागतं आणि त्यापुढे निफाड-दिंडोरीचा द्राक्षपट्टा. 2010 च्या हंगामात तिथल्या बागायतदारांचा माल लिहोसिनच्या अंशामुळे युरोपात अडकला. आजही विषय निघाला की बोट शेतकऱ्याच्या फवारणीकडेच जातं. मला हा अन्याय वाटतो.

लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेला नवं नव्हतं. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर पाच-सहा पानांवर फवारलं की शेंडा थांबतो, काडीत घड धरतो. माल निघणार पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. तोवर काय शिल्लक राहणार, असंच सगळे धरून चालले होते. पण ते काडीत मुरतं आणि घडापर्यंत पोचतं. 2003 साली मेथोमिलमुळे फटका बसल्यावर आपण तपासणी कडक केली होती. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा कामाला लागली, निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारं ग्रेपनेट आलं. तरी क्लोरमेक्वाट निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत नव्हतं, आणि युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम.

यादीत असतं तरी नेहमीच्या पद्धतीनं ते हाती लागणं अवघडच होतं. या रेणूवर कायमचा धन प्रभार असतो. द्राक्षाचा लगदा अॅसिटोनायट्राइल आणि क्षार घालून घुसळला की बहुतेक कीटकनाशकं वरच्या थरात येतात. हे मात्र खालच्या पाण्यात राहतं. पुढे रेणू वेगळे करणारा नेहमीचा सी-18 कॉलम तेलकट रेणूंना धरतो, याला थांबवतच नाही. कॉलममध्ये शिरतं आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडतं.

उपाय हाताशी होता. 1990 मध्ये अँड्र्यू आल्पर्ट यांनी ज्या तंत्राला ‘हिलिक’ हे नाव दिलं, त्यात सिलिकाच्या कणांवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि भोवतीनं मुख्यतः अॅसिटोनायट्राइल वाहतं. पाण्याची ओढ असलेला रेणू त्या थरात रेंगाळतो. श्टुटगार्टच्या प्रयोगशाळेनं ‘क्यूपे’ पद्धतीत थर वेगळे करणंच सोडून दिलं: आम्ल मिसळलेल्या मिथेनॉलनं सगळा अर्क काढायचा. मग मास स्पेक्ट्रोमीटरवर 122 वस्तुमानाचा आयन फुटून 58 चा तुकडा दिसला की क्लोरमेक्वाट पकडलं गेलं.

पानगळीसाठीचं इथेफॉन आणि केवड्यावरचं फोसेटिल अॅल्युमिनियमही पाण्याच्याच बाजूची, पण ऋण प्रभाराची. त्यांना बहुधा वेगळा कॉलम लावून नमुना पुन्हा मशीनवर चढवावा लागतो, आणि खर्च वाढतो, त्यामुळे न सांगता ही तपासणी राहून जाऊ शकते. म्हणून नमुना देताना बागायतदारानं ही नावं आवर्जून लिहून द्यावीत.