टू-स्ट्रोकला जास्त ऑइल म्हणजे जास्त आयुष्य नव्हे

नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळे आणि आसपासच्या गावांत जुनी राजदूत, येझदी, आरएक्स १०० किंवा एम-८० अजूनही कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी असते आणि शेतावर जाते-येते. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. १९८५ मध्ये आलेल्या आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. सुटे भाग अजून मिळतात, पण या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री कमी होत चालले आहेत. आजची मुलं काम शिकली ती फोर-स्ट्रोकवर. त्यामुळे टू-स्ट्रोकची देखभाल बरीचशी ऐकीव सांगण्यावर चालते, आणि त्यातलं अर्धं तरी इंजिनाचं नुकसान करणारं असतं.

एक गोष्ट नीट समजली की बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली साठलेलं असतं आणि तेच फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये शिरतं, मग पोर्टमधून पिस्टनच्या वर जातं. या वाटेने येणारं थोडंसं ऑइल हेच क्रँकच्या बेअरिंगचं, कनेक्टिंग रॉडचं आणि पिस्टनचं वंगण. काम झालं की ते जळून जातं. म्हणजे आत काय आणि किती शिरतं, यावरच सगळं अवलंबून आहे.

‘चार थेंब जास्त टाका, इंजिन टिकेल’ हा सगळ्यांत पसरलेला समज. जास्तीचं ऑइल पूर्ण जळत नाही. ते प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरच्या जाळीवर कार्बन होऊन बसतं. दुसरा तोटा सहसा कुणी सांगत नाही. ऑइलने जागा घेतली की जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रणात हवेचं प्रमाण वाढतं आणि इंजिन अधिक तापतं. पिस्टन जॅम होऊ नये म्हणून ओतलेलं ऑइल त्याच दिशेला नेतं.

प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेतलंच धरा आणि अंदाजाने ओतू नका. एक लिटर पेट्रोलला २०:१ म्हणजे ५० मिली, २५:१ म्हणजे ४०, ३२:१ म्हणजे सुमारे ३१ आणि ५०:१ म्हणजे २० मिली. बिनसुईची मोठी सिरिंज यासाठी उत्तम. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे. पंप चालू असताना पेट्रोलमध्येही ऑइल मिसळणं म्हणजे दुप्पट डोस. ती टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली, तर नुसती भरून भागत नाही, पंपात अडकलेली हवाही काढावी लागते.

‘ऑइल ते ऑइल’ म्हणून ट्रॅक्टरचं किंवा फोर-स्ट्रोकचं ऑइल मिसळणारेही आहेत. ते ऑइल जळण्यासाठी बनवलेलं नसतं. त्यातल्या धातूयुक्त द्रव्यांची जळून राख होते आणि प्लगवर चिकटते. डब्यावर ‘२टी’ आणि जासो एफसी किंवा एफडी असा दर्जा छापलेला पाहून घ्या.

याच्या उलट टोकाचा समज: टू-स्ट्रोकचं ऑइल बदलावंच लागत नाही. इंजिनाचं नाही, पण गिअरबॉक्सचं लागतं. त्या ऑइलमध्ये क्लचप्लेटाही बुडलेल्या असतात, म्हणून तिथे कारचं ऑइल घालू नका, प्लेटा घसरतात. हे ऑइल वरचेवर कमी होत असेल आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरट-निळा धूर सोडत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं आहे. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर धूर दिसत नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन रेस होत राहतं. पुष्कळ जण तेव्हा कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात आणि तोवर पिस्टन जातो. सकाळी पहिल्या किकनंतर येणारा थोडा धूर मात्र बिघाड नव्हे.

आता एअर फिल्टर. नंदुरबारचा उन्हाळा, काळ्या मातीची बारीक धूळ आणि वरून ‘फिल्टर काढला की गाडी मोकळी होते’ हा सल्ला. यापेक्षा घातक सल्ला मला माहीत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये धूळ निदान थेट क्रँककेसमध्ये जात नाही. इथे ती आधी बेअरिंगवर पडते, मग पिस्टन आणि रिंग घासत वर जाते. घरी करायचं काम सोपं आहे. फोमचा फिल्टर घासलेटमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवा, ऑइलमध्ये भिजवा आणि तळहातांत दाबून जास्तीचं ऑइल काढा. पिळू नका, फोम फाटतो. पेट्रोलने धुऊ नका, आगीचा धोका आहे. धुळीच्या दिवसांत महिन्यातून एकदा तरी हे झालंच पाहिजे.

‘प्लग काळा झाला, नवा टाका’ हेही अर्धवट. प्लग आतली हकीकत सांगतो. तपकिरी असेल तर सगळं ठीक. ओला काळा म्हणजे ऑइल किंवा पेट्रोल जास्त, किंवा ठिणगी कमजोर. पांढरा पडला असेल तर गाडी चालवणं थांबवा: पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटची फट बहुतेक ०.३ ते ०.४ मिमी आणि प्लगची साधारण ०.६ मिमी असते. फिलर गेज स्वस्त मिळतो, घरात असावाच.

आता साठणारा कार्बन. युरोपात दगडधोंड्यांवरून पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेण्याची ‘ट्रायल’ नावाची स्पर्धा असते. १९६५ मध्ये सॅमी मिलरने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुल्टाको शेर्पा या टू-स्ट्रोकवर जिंकली. त्या गाड्यांचं आणि शेतरस्त्यावर ओझं वाहणाऱ्या राजदूतचं दुखणं एकच आहे: वेग कमी, ऑइल अर्धवट जळतं, कार्बन साठतो. गाडी ओढत नसेल तर बोर करायला धावण्याआधी सायलेन्सरची जाळी काढून पाहा. सायलेन्सरच्या लोखंडी भागाला कॉस्टिक सोडा चालतो, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच. ॲल्युमिनियमच्या हेडला किंवा पिस्टनला तो लावलात तर धातूच खाईल. तिथे लाकडाच्या पट्टीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नव्हे. साफ केलेली जाळी परत बसवा. तिच्याशिवाय आवाज वाढतो. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आकार दाबाच्या लाटा परत पोर्टकडे पाठवण्यासाठी ठरवलेला असतो. तो बिघडवून ताकद वाढत नाही.

तोरणमाळचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी सोडणं ही अशीच एक सवय. मिश्रणावर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र वेगाने फिरतंय. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. किल्ली बंद करून किंवा न्यूट्रलवर उतरू नका.

‘टाकी भरून ठेवली की गंजत नाही’ हे एकेकाळी खरं होतं. आता पंपांवरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. कॉक तळातूनच पुरवठा घेतो आणि त्या थरात २टी ऑइल जवळजवळ नसतं. जुने रबरी पाइप आणि वॉशरही इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, आणि पाइप इथेनॉलला टिकणारे बसवा.

सील बदलणं, क्रँक उघडणं, बोर करणं ही कामं घरची नाहीत. त्यासाठी प्रेस, लेथ आणि अनुभवी हात लागतात.

शेवटी कागदांचं. ‘टू-स्ट्रोकवर बंदी आहे’ म्हणून चांगल्या गाड्या भंगारात गेल्या. अशी सरसकट देशव्यापी बंदी नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम ही मर्यादा आहे. प्रमाणात ऑइल आणि स्वच्छ फिल्टर असेल तर तिच्या आत राहणं शक्य आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या गाड्यांवर एमएच १८ हा क्रमांक दिसतो. तुमच्या गाडीची नोंद धुळ्याच्या कार्यालयात आहे की नंदुरबारच्या, आणि मुदत कधी संपते, हे आरसी बुक काढून आजच पाहून घ्या.