पहिली सुरी घरी बनवताय? पोलाद कुठून आणायचं आणि त्याला ‘पाणी’ कसं द्यायचं

पाते कापणं, घासणं, मूठ बसवणं हे सगळं हातोडी-कानस-ग्राइंडर असलेल्या कुणालाही जमतं. पहिली सुरी फसते ती दोनच ठिकाणी: पट्टी चुकीची निवडली जाते, नाहीतर ती तापवताना गडबड होते.

आधी पट्टीचं बघू. फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळणारी एमएस पट्टी किंवा घर बांधताना उरलेली सळई घेऊ नका. त्यात कार्बन फार कमी असतो. कितीही तापवून बुडवा, पाते मऊच राहणार आणि धार दोन टोमॅटोत जाणार. सुरीला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन लागतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा तर भट्टीत घालूच नका. जस्ताचा धूर विषारी असतो.

मग घ्यायचं काय? भंगारात सहज मिळणारा माल म्हणजे जीप-ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे. त्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि आपल्याकडचे लोहार कोयते-विळ्यांसाठी तेच वापरतात. तोटा एकच: वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेल्या पाट्यात बारीक तडे लपलेले असू शकतात, आणि नेमका ग्रेड कळत नाही. नवीन हवं असेल तर टूल स्टीलच्या दुकानात ईएन ४५ मागा. ओएचएनएसही मिळतं, पण ते ठरावीक तापमानाला काही मिनिटं धरून ठेवावं लागतं. कोळशाच्या साध्या भट्टीत नवख्याला ते अवघड, म्हणून पहिल्या सुरीला नको.

भंगारातला पाटा असेल तर पाते कापण्याआधी त्याच पाट्याच्या बोटभर तुकड्याची परीक्षा घ्या. लाल करून तेलात बुडवा, मग कानस फिरवा. कानस काचेवरून घसरल्यासारखी गेली तर स्टील कडक झालं. आता तुकडा व्हाइसमध्ये पकडा, फडकं गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा आणि हातोडीने तोडा. तुटलेली बाजू चिनी मातीच्या कपासारखी बारीक, राखाडी दिसली तर उत्तम. वाळूसारखे जाड दाणे दिसले तर जास्त तापलंय. ही दहा मिनिटांची परीक्षा टाळून लोक दोन-तीन रविवार वाया घालवतात.

पाते घासताना धारेची कड एक-दीड मिलिमीटर जाड ठेवा. आधीच पातळ केली तर बुडवताना वाकते किंवा तडकते.

आता ‘पाणी देणं’. लाल तापलेल्या पोलादात कार्बन लोखंडात विरघळतो. पाते झटकन थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि स्टील कडक होतं. हळू थंड झालं तर मऊ. तापमान ओळखायला लोहचुंबक वापरा. ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. स्प्रिंगच्या पाट्याला ८३० ते ८५० लागतात, म्हणजे चुंबक सुटल्यावर रंग आणखी एक छटा उजळ होऊ द्या. हे काम उन्हात करू नका, रंग कळत नाही.

शब्द ‘पाणी’ असला तरी इथे पाणी वापरायचं नाही. असं स्टील पाण्यात तडकण्याची भीती मोठी. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून उंच धातूच्या डब्यात घ्या. जुनं इंजिन ऑइल नको, धूर घातक असतो. पाते सरळ उभं बुडवा, आडवं हलवू नका. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवायचं, पाणी अजिबात टाकायचं नाही. म्हणून झाकण आधीच हाताशी हवं.

या अवस्थेतलं पाते काचेसारखं ठिसूळ असतं; फरशीवर पडलं तर दोन तुकडे. त्यामुळे टेंपरिंग दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. हाताला सोसेल इतकं थंड झालं की तेल पुसा, एक बाजू घासून चकचकीत करा आणि ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवा, थंड करा, पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. चकचकीत भाग वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा दिसला की झालं. निळा झाला तर कडकपणा गेला, पुन्हा तापवण्यापासून सुरुवात.

शेवटची धार ग्राइंडरवर काढत असाल तर हातमोजे काढून ठेवा आणि दर फेरीला पाते पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसेल इतकं तापू देऊ नका. पातळ कड सेकंदात निळी पडते.