वरून की खालून

नाताळचे जिगसॉ कोडे सहसा रंगांवर सुटते. लाल टोपीचे तुकडे एका ढिगात, बर्फाचे दुसऱ्यात, झाडाचे तिसऱ्यात. केल्टिक धाटणीच्या चित्रात ही युक्ती चालत नाही. नाताळचे झाड, पानांचा हार, तारा, चौकट असे सगळे एकसारख्या गुंफलेल्या पट्ट्यांनी भरलेले असते, आणि रंगही मोजून तीनचार. अशा कोड्यात मदत करते ती रेघ.

या धाटणीचा नाताळशी संबंध जुना आहे. इ. स. ८०० च्या सुमारास, बहुधा आयोना बेटावरच्या मठात, वासराच्या कातड्यावर लिहिलेला ‘बुक ऑफ केल्स’ हा याच धाटणीचा ग्रंथ आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध पान मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची हकिगत जिथे सुरू होते तिथलेच. ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक अक्षरे पानभर पसरली आहेत, आणि त्यांच्या वेटोळ्यांच्या तळाशी मांजरे, उंदीर आणि तोंडात मासा धरलेले पाणमांजर लपले आहे.

जिगसॉचा जन्म १७६० च्या दशकातला. लंडनचा नकाशाकार जॉन स्पिल्सबरी याने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमेवरून कापला. तुकडा म्हणजे एक देश. आताची कापणी चित्राकडे बघत नाही. पुठ्ठ्यावर छापील चित्र चिकटवतात आणि वाकवलेल्या पोलादी पात्यांचा साचा दाबतात, की झाले. तोच साचा उद्या दुसऱ्या चित्रावर चालतो. त्यामुळे गुंफलेला पट्टा कुठेही तुटतो, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

भोपाळच्या एका मराठी घरात डिसेंबरच्या सुट्टीत असे कोडे जेवणाच्या टेबलावर पसरले होते. खोक्यावर आकडा १०००, पण आडव्या रांगेत ३८ आणि उभ्या रांगेत २७, म्हणजे तुकडे १०२६. हजाराच्या कोड्यांत ही मांडणी सर्रास असते. नातवंडांनी दोन संध्याकाळी खपून चौकट लावली आणि मधल्या झाडापाशी हात टेकले. प्रत्येक तुकडा हिरवा, प्रत्येकावर सोनेरी पट्टा. तेव्हा इतका वेळ लसूण सोलत बसलेल्या आजी चष्मा लावून पुढे सरकल्या. “वरून गेलाय की खालून, ते आधी बघ,” एवढेच म्हणाल्या.

या कलेचे मर्म त्याच वाक्यात आहे. एकच पट्टा दुसऱ्या पट्ट्यांना ओलांडताना पाठोपाठच्या छेदांवर आळीपाळीने वरून आणि खालून जातो. नीट काढलेल्या चित्रात हा नियम चुकत नाही. तुकड्याच्या कडेपाशी पट्टा दुसऱ्याच्या वरून गेला असेल, तर शेजारच्या तुकड्यावरच्या पहिल्या छेदात तो खालूनच जायला हवा. जुळेलसे वाटणाऱ्या आठ तुकड्यांपैकी निम्मे या एका कसोटीवर बाद होऊ शकतात. तुकड्याचा बाहेर आलेला कान खोबणीत बसला म्हणून तुकडा बरोबर, असे मात्र नाही. १०२६ तुकड्यांत चुकीचे कानही कधीकधी छान बसतात.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आजींना हे दिसले यात नवल नाही. स्कॉटलंडचे कलाशिक्षक जॉर्ज बेन यांनी १९५१ च्या पुस्तकात ही गुंफण ठिपक्यांच्या जाळीवर कशी काढायची ते दाखवले आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपके जोडत जाते, इथे पट्टा ठिपक्यांच्या मधून वळसे घेतो. ठिपके मोजायची सवय दोन्हीकडे एकच.

भोपाळमध्येच, श्यामला टेकडीवरच्या जनजातीय संग्रहालयात, दुसऱ्या तऱ्हेची भरण बघायला मिळते. ती म्हणजे पाटणगढहून आलेले गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांच्यापासून सुरू झालेली ‘जनगढ कलम’ ही शैली. हरणाचे अंग, झाडाचे खोड, पक्ष्याचा पंख ठिपक्यांनी, बारीक रेघांनी, अर्धचंद्रांनी भरायचे, आणि प्रत्येक चित्रकाराची भरण वेगळी. असे चित्र जिगसॉसाठी कापले तर ते सोपे जाईल, कारण हरणाची नक्षी हरणापाशीच थांबते आणि ढीग आपोआप पडतात. केल्टिक पट्टा कुठे थांबतच नाही.

आजींच्या घरचे झाड चौथ्या रात्री पुरे झाले. १०२६ पैकी एक तुकडा सोफ्याखाली सापडला.

असे कोडे विकत घेताना खोक्यावरचे चित्र डोळ्यांजवळ धरावे आणि एखाद्या पट्ट्यावरून बोट चारपाच छेद पुढे न्यावे. दोनदा लागोपाठ पट्टा वरूनच गेला, तर चित्रकाराने नियम पाळलेला नाही. ते कोडे घेऊ नये.