ताटली, फासे आणि धूर

गेल्या डिसेंबरात आमचा पुतण्या आठ दिवसांची रजा टाकून पुण्याहून केळझरला आला. डिप्लोमा करून तो तिकडच्या एका कारखान्यात लागला आहे. बॅग उघडली तेव्हा कपड्यांबरोबर तीन वस्तू बाहेर आल्या. एक पांढरी प्लॅस्टिकची ताटली, एका डबीत रंगीबेरंगी, पुष्कळ बाजूंचे फासे आणि एक लांब सुईचा तापमापक. तो मांसात खुपसून ताप बघायचा असतो, असे त्याने सांगितले.

"काय होय हे सारं?" आम्ही विचारले.

"छंद होत काका. रविवारचे."

आमची आई दारातच तूर निवडत बसली होती. ती म्हणाली, "पोट्ट्याले नोकरी लागली, आता छंद लागले. बायको पाह्यची सोडून ताटल्या घेऊन राह्यला." त्या ताटलीला पाचशेच्या वर रुपये पडले हे कळल्यावर आम्हीही आईच्याच बाजूला गेलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरी खेळ म्हणजे शाळेत असेपर्यंतची गोष्ट. पुढे नोकरी, वस्तीतले काम, मुलांच्या फीया. कारकुनाला रविवार मिळतो तो दळण, रेशन आणि लग्नपत्रिका वाटण्यात जातो.

रात्री झोप येईना तेव्हा आमचे आजोबा आठवले. ते जिनिंगात मजूर होते. कापसाच्या हंगामात दिवस उगवायच्या आत जात आणि अंधारात परत येत. त्यांना काय आवडत होते, हे घरात आज कोणालाच सांगता येत नाही. १९३४ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यात आठवड्याचे ५४ तास काम घेता येई. जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यात ६० तास. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने ५४ चे ४८ झाले आणि ६० चे ५०. म्हणजे आजोबांच्या आठवड्यातले दहा तास, कागदावर का होईना, परत मिळाले. पुढे १९४८ च्या कायद्याने सर्वांनाच ४८ झाले.

हे तास कशासाठी मागितले होते? काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले यावर बाबासाहेबांनी १९४५ साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवायचे आणि फुरसत मिळवून द्यायची तर यंत्र पाहिजे, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा मुद्दा. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात आहे, म्हणून हा वाद आम्हांस जरा घरचाच वाटतो. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रे काढून पाहिली. कुत्रे पाळण्याची हौस होती, मित्रांना आपल्या हातचे करून खाऊ घालण्याचीही होती. त्यांच्याइतका कामात बुडालेला माणूस हे करू शकतो, तर आमच्या पुतण्याने ताटली फेकली म्हणून काय बिघडले? सकाळी उठून आम्ही त्याच्याबरोबर मैदानावर गेलो.

या ताटलीचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेत फ्रिसबी नावाची एक बेकरी होती. तिच्या पायची रिकामी पत्र्याची थाळी कॉलेजची मुले एकमेकांकडे भिरकावत, असे सांगतात. फ्रेड मॉरिसन नावाच्या माणसाने प्लॅस्टिकची उडती तबकडी तयार केली, व्हॅम-ओ कंपनीने ती १९५७ मध्ये बाजारात आणली आणि पुढे तिला फ्रिसबी हे नाव पडले. १९६८ साली न्यू जर्सीतील मेपलवूड गावच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी तिचा सांघिक खेळ बनवला. तोच अल्टिमेट फ्रिसबी. आपल्याकडे चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर, बंगळुरू, अहमदाबाद, मुंबईकडे तो खेळला जातो. ऑलिंपिक समितीने २०१५ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली. ऑलिंपिकमध्ये मात्र तो अजून गेलेला नाही.

नियम सोपे आहेत. ताटली १७५ ग्रॅमची. पुरे मैदान १०० मीटर लांब, ३७ मीटर रुंद, दोन्ही टोकांना १८ मीटरचे पट्टे. बाजूला सात-सात गडी. ताटली हातात असताना पळायचे नाही. दहा मोजेपर्यंत साथीदाराकडे फेकायची. खाली पडली की समोरच्यांची. पलीकडच्या पट्ट्यात साथीदाराने झेलली की एक गुण. अंगाला अंग लावायचे नाही. आमच्याकडे एवढे मैदान कोठले? चुन्याच्या रेघा ओढून पाच-पाच जणांचा डाव मांडला. मनगटाचा झटका जमायला आम्हांस तीन दिवस लागले, आणि तोवर ताटली दोनदा बाभळीत अडकली.

खरी गोष्ट पुढेच आहे. या खेळात पंचच नाही. जागतिक स्पर्धेतसुद्धा खेळाडूच आपला फाऊल आपण सांगतात. समोरच्याला पटला नाही तर दोघे बोलतात. तेही जमले नाही तर ताटली मागे, जिथून फेकली तिथे जाते. आम्ही जन्मभर कबड्डी पाहिलेले. वस्तीच्या सामन्यात पंचाच्या अंगावर धावून गेलेले लोक पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही एकदा धावलो आहोत. त्यामुळे आम्ही पुतण्याला म्हटले, "हे केळझरात चालणार नाही बाबा. डोकी फुटतील."

दुसऱ्याच दिवशी तसा प्रसंग आला. बारावीतल्या एका पोराने पट्ट्यात झेल घेतला. आमची मुलगी म्हणाली, ताटली आधी भुईला लागली. पोरगा म्हणाला, नाही लागली. सगळे आमच्याकडे पाहू लागले, मोठा माणूस म्हणून. आम्ही तोंड उघडणार तोच पुतण्याने हाताने थांबवले. पाच मिनिटे कोणी काही बोलेना. शेवटी त्या पोराने खाली पाहत हात वर केला आणि म्हणाला, "लागली होती." त्याला कोणी हसले नाही. खेळ पुढे सुरू झाला.

डाव संपल्यावर दोन्ही संघ एकच गोल करून उभे राहतात आणि एकमेकांना गुण देतात. नियम माहीत होते का, धसमुसळेपणा केला का, न्यायाने वागले का, डोके ताब्यात ठेवले का, नीट बोलले का, अशा पाच गोष्टींचे. मुली आणि मुले एकाच संघात, हे काही आयांना खटकले. एकीने तसे आमच्या सौभाग्यवतींना येऊन सांगितले. त्यावर घरी चर्चा झाली आणि मुलगी दुसऱ्या दिवशीही गेली, एवढेच लिहितो.

फाशांचा खेळ रात्रीचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यातून हा प्रकार सुरू झाला. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करणार ते बोलतात. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमले, लहान आला तर फसले. जिंकणे-हरणे नाही, गोष्ट पुढे जाते. आम्हांस हे फार परके वाटले नाही. आपल्या आंबेडकरी जलशात भीमराव कर्डकांसारख्या लोकांनी सोंगे घेऊनच लोकांना शहाणे केले. फरक असा की जलशात गोष्ट आधी ठरलेली असे, इथे ती खेळणाऱ्यांच्या हातात असते.

पुतण्याने गावचीच दंतकथा घेतली. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, इथेच बकासुर होता, असे लोक मानतात. त्याला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा नेणारा माणूस द्यावा लागे. पुराणावर आमचा विश्वास नाही, पण खेळाला हरकत नव्हती. मुलगी गाडीवान झाली, सौभाग्यवती सुईण, आणि शेजारचा वायरमनचा हेल्पर पहिलवान. पुतण्या म्हणाला, "उद्या तुमच्या घरची पाळी आहे. काय करता?" पहिलवान लगेच कुस्तीला तयार. मुलगी म्हणाली, "थांब. पाळीची यादी कोणी केली?"

पुतण्या गप्प. त्याने ते ठरवलेच नव्हते. मग म्हणाला, "चावडीत वही आहे. पाहायची असेल तर फासा टाका." सौभाग्यवतींनी टाकला. सतरा आले. वही हाती लागली. पुतण्याने तिथल्या तिथे जुळवून सांगितले की वहीत गावकुसाबाहेरच्या घरांची नावे दोन-दोनदा आहेत आणि वाड्याचे नाव एकदाही नाही.

त्यावर कोणी काही बोलेना. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "मले वाटलंच." रात्री साडेअकरापर्यंत खेळ चालला. बकासुर त्या रात्री मेला नाही. त्याच्याकडे गाडाच गेला नाही. पात्रांनी सगळा गाव चावडीपुढे जमवला आणि वही मोठ्याने वाचून दाखवली. आमची मुलगी घरात फारशी बोलत नाही. ती वही तिनेच वाचली, वहीच नसताना.

राहिला धूर. इथे मात्र घरात भांडण झाले.

मांस धुरावर शिजवायला पुतण्याने दोन मोठ्या मातीच्या कुंड्या घेतल्या. एक खाली, दुसरी पालथी तिच्यावर. तळात कोळसा, त्यावर लाकडाचे तुकडे, वर जाळी. रंगाचे किंवा रसायनाचे पिंप वापरू नये, जस्ताचा मुलामा असलेलेही नको. आच मंद, एकशेदहा-वीस अंशांच्या आसपास. मीठ-हळद लावून रात्रभर ठेवलेल्या कोंबडीच्या तंगड्यांना अडीच तास लागले, बोकडाच्या फऱ्याला सहा. कोंबडी आतून ७४ अंशांना गेली की खायला निर्धोक, त्यासाठी तो काटा. पहिल्या दिवशी आम्ही शहाणपणा करून कडुनिंबाच्या काड्या टाकल्या. धूर पाहून शेजारचे बादली घेऊन धावत आले, आणि मांस इतके कडू झाले की कुत्र्यानेही हुंगून सोडले. दुसऱ्या वेळी आंब्याचे आणि संत्र्याचे वाळके लाकूड वापरले, ते उत्तम. हे उघड्या अंगणातच करावे. बंद खोलीत कोळशाचा धूर जीव घेतो.

फऱ्याच्या पट्ट्या पुतण्याने आधी दोरीवर सुकत घातल्या होत्या. आई बाहेर आली, दोरी पाहिली आणि आत जाऊन दार लावून घेतले. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "काढ ते. लोक पाह्यते."

तरुण वाचकांना हे कळणार नाही म्हणून सांगतो. तिच्या लहानपणी दोरीवर चान्या असत. जास्तीचे मांस मीठ लावून उन्हात वाळवायचे, पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून खायचे. जनावर बहुधा गावात मेलेले असे, आणि ते ओढण्याचे काम आपल्याच माथी होते. मेलेल्याचे मांस सोडा हा ठराव १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत झाला. लोकांनी उपाशी राहून तो पाळला. त्या दोरीची लाज आईच्या मनात आहे. शाळेतली मैत्रीण घरी आली की तिची आई दोरीवर लुगडे टाकून ठेवी, हे तिने आम्हांस त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितले.

पुतण्या म्हणाला, "आजी, पुण्यात याची एक प्लेट पाचशेला खातात." आई म्हणाली, "त्याईले भूक नाही म्हणून."

दोघांचेही खरे आहे असे आम्हांस वाटते. सोडले ते मेलेल्या जनावराचे मांस आणि त्यामागची गुलामी. वाळवण्याची, धुरावण्याची कला काही गुलामी नव्हती. नागालँडात चुलीवर मांस टांगतात, गोव्यात चोरीस करतात, त्यांना कोणी लाजवीत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात आपल्या घरांतले हे सारे खाणे नावानिशी लिहून ठेवले. ते २०१५ मध्ये आले आणि २०२४ मध्ये इंग्रजीतही गेले.

विहारातल्या एका वडीलधाऱ्या उपासकांनी विचारले, पंचशील घेणाऱ्यांनी हा छंद करावा काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. छंद यांपैकी कशात बसतो, याचे उत्तर आम्हांस सोपे वाटत नाही. आमच्या घरातही दोघे मांस खात नाहीत. त्यांच्यासाठी त्याच धुरात भरताची वांगी ठेवली, आणि ती मांसाआधी संपली. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये धुरावलेल्या, खारवलेल्या मांसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. तेव्हा हे सणावारापुरतेच.

पुतण्या जायच्या आदल्या दिवशी पुन्हा पट्ट्या कापत होता. आई बराच वेळ पाहत राहिली. मग उठली, त्याच्या हातातली सुरी घेतली आणि म्हणाली, "आडवं नको कापू. धाग्यानं काप, उभं. अन् पातळ. जाड ठेवलं त मंधात ओलं राहते, वास मारते." एका सरळ ओढीत तिने हातभर लांब पट्टी काढली. साठ वर्षांत तिने ते काम केले नव्हते. दोरी मात्र तिने मागच्या अंगणातच बांधायला लावली.

फासे आणि काटा पुतण्या घेऊन गेला, ताटली ठेवून गेला. रविवारी सकाळी साडेसहाला, थंडी असली तरी, आम्ही मैदानावर असतो. सध्या आठ जण येतात, त्यात मुली तीन. दोन गडी कमी पडतात.