कसूर म्हणजे काय?

'कर्तव्यात कसूर केल्यामुळे निलंबित' हे शब्द आपण बातम्यांत नेहमी वाचतो. 'कसूर' मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आला. आमच्या वाशीमसह वऱ्हाड प्रांत १८५३पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, दप्तराची भाषा फारसी होती.

मूळ अर्थ 'आखूड पडणे'. त्याच धातूचा दुसरा शब्द 'कस्र'. प्रवासात चार रकअतींची, म्हणजे चार आवर्तनांची, फर्ज नमाज दोनच रकअती पढतात, ती कस्र. तिथे आखूडपणाला धर्माची मुभा आहे, म्हणून तो दोष नाही. मुभेविना कमी पडणे, ती कसूर.

उर्दूत हा शब्द गुन्ह्यापर्यंत गेला. मराठीत मुख्यतः कामातली उणीव दाखवत राहिला. म्हणून ठपका ठेवण्यापूर्वी एवढेच विचारावे : पुरे माप किती, हे त्या माणसाला सांगितले होते का?