सेकंदाला सहा जीव

2015 साली जगभरातल्या प्रयोगशाळांनी सुमारे 19 कोटी 21 लाख प्राणी वापरले, असा अंदाज आहे. प्रयोगात वापरलेले, ऊतींसाठी मारलेले, पैदास करून न वापरताच संपवलेले, सगळे यात धरले आहेत. आता धाराशिव जिल्हा घ्या. 2011 च्या जनगणनेत इथे 16 लाख 57 हजार माणसं होती. परांड्यापासून उमरग्यापर्यंत जेवढी माणसं, तेवढे जीव सव्वातीन दिवसांच्या आत. सेकंदाला सहा!

यातले काही जीव वाचू शकतात. याच जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी मटणासाठी नावाजलेली. मलम त्वचेतून किती झिरपतं हे पाहायला औषधनिर्माणाच्या प्रयोगशाळांत खाटकाकडून आणलेलं शेळीचं कातडं चालतं. एक कातडं अर्धा चौरस मीटर धरलं, तर अडीच सेंटिमीटरचे 800 चौकोन निघतात. त्यासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही.

ऊती अभियांत्रिकी म्हणजे त्वचा, हाड, कूर्चा प्रयोगशाळेत वाढवण्याची विद्या. ती स्वतःही उंदीर-ससे वापरते, पण प्राण्यांच्या सुटकेची आणखी एक वाटही तिनेच काढली. माणसाच्या शरीरात साधारण 37 लाख कोटी पेशी असतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं करत गेलं, तर 45 व्या दुपटीला 35 लाख कोटींचा पल्ला गाठला जातो. म्हणून शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या त्वचेच्या तुकड्यातून करंगळीच्या नखाएवढ्या कितीतरी चकत्या वाढवता येतात. चकतीवर रसायन लावायचं. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत उरल्या, तर ते त्वचेला दाहक. पूर्वी यासाठी सशाची पाठ भादरत. 2010 पासून चकतीवरच्या चाचणीला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, आणि मार्च 2023 मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत पेशींवर आधारलेल्या पद्धतींना जागा दिली. सक्ती मात्र नाही. शिवाय शरीरात बसवायच्या कृत्रिम हाडाभोवती रक्तवाहिन्या कशा वाढतील, हे चकती सांगू शकत नाही.

मला अधिक छळतो तो पेशींचा आहार. त्यांच्या पोषक द्रवात बहुधा 10 टक्के सीरम असतं. ते येतं कत्तलखान्यात कापलेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून. ससा वाचतो, वासरू हिशेबातच येत नाही. माणसाच्या प्लेटलेट्सपासून केलेला अर्क बऱ्याच पेशींना चालतो. रक्तपेढीत प्लेटलेट्स साधारण 5 दिवसच टिकतात, आणि मुदत संपलेल्या पिशव्यांतूनही हा अर्क काढता येतो. प्रत्येक शोधनिबंधात वासराचं सीरम किती लिटर लागलं, हे लिहायला लावलंच पाहिजे.