कर्जात न बुडता पत: अमेरिकेतल्या क्रेडिट स्कोअरविषयीचे गैरसमज

कर्ज नसणे ही मराठी घरात अब्रूची बाब मानली जाते. ऋण काढून सण करू नये, हे वळण घेऊन अनेक मुलेमुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत जातात आणि तिथे क्रेडिट स्कोअरपाशी अडखळतात. बँकेत पैसे असूनही घरमालक जादा डिपॉझिट मागतो, कार्डाचा अर्ज फेटाळला जातो. मग आधी गेलेले सांगतात, ‘इथे पत हवी तर अंगावर थोडे कर्ज ठेवावेच लागते.’ हा सल्ला चुकीचा आहे. घेतलेली उधारी तुम्ही किती नेमाने फेडता, हे स्कोअर पाहतो. त्यामुळे व्याजाचा एक सेंटही न भरता तो उत्तम राखता येतो.

पगार मोठा की स्कोअर मोठा, हाही असाच एक समज. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था प्रत्येकाच्या उधारीची नोंद ठेवतात आणि त्या नोंदीवरून 300 ते 850 मधला फायको स्कोअर निघतो. त्यात 35 टक्के वजन वेळेवर फेडीला, 30 टक्के देणे असलेल्या रकमेला, 15 टक्के खात्यांच्या वयाला असते. नवे अर्ज आणि उधारीचे प्रकार यांना प्रत्येकी 10 टक्के. पगार, बँकेतली शिल्लक, नागरिकत्व यांना यात जागाच नाही. डेबिट कार्डाने कितीही खर्च केला तरी त्याची नोंद होत नाही. भारतातला सिबिल स्कोअरही आपोआप सोबत येत नाही. मोजक्या कार्ड कंपन्या अर्जदाराच्या संमतीने तो पाहतात, पण अमेरिकेतली नोंद कोरीच राहते. फायको स्कोअर निघायला किमान एक खाते सहा महिन्यांचे व्हावे लागते.

बाकी ठेवण्याचा सल्ला येतो तो एका गोंधळातून. कार्ड कंपनी साधारणपणे दरमहा बिल तयार होते तेव्हाची रक्कम कळवते. ती रक्कम पुढे पूर्ण फेडली तरी कार्ड वापरल्याची नोंद झालेलीच असते, म्हणून बाकी पुढच्या महिन्यात नेल्याने डोक्यावर फक्त व्याज चढते, आणि कार्डांवर ते वर्षाला 20 टक्क्यांहून अधिक असणे नेहमीचेच आहे. याचीच दुसरी बाजू नवख्यांना जास्त जाचते. मर्यादा 500 डॉलर असेल आणि किराणा-प्रवासाचे 400 झाले, तर वापर 80 टक्के दिसतो आणि स्कोअर घसरतो. वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवावा, त्याहून कमी असल्यास उत्तम. बिल तयार होण्याआधीच काही रक्कम भरली की हे सहज साधते. वापराचा परिणाम रक्कम उतरताच बहुतांशी पुसला जातो. हप्ता 30 दिवस चुकला तर मात्र तो डाग सात वर्षे राहू शकतो. म्हणून पूर्ण बिलाचे ऑटो-पे लावणे आणि खात्यात तेवढे पैसे ठेवणे हीच खरी काळजी.

कोऱ्या नोंदीवर कार्ड कसे मिळणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी सिक्युअर्ड कार्ड असते: 200 डॉलर वगैरे रक्कम कंपनीकडे ठेवायची आणि बहुधा तेवढीच मर्यादा मिळते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी काही कंपन्या आयटिन या करदाता क्रमांकावर अर्ज घेतात. एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदाराला नवऱ्याचा किंवा बायकोचा स्कोअर लागू होत नाही, कारण नोंद व्यक्तीची असते, कुटुंबाची नसते. मात्र 2013 पासून 21 वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराला, जोडीदाराच्या ज्या उत्पन्नावर त्याचा वाजवी हक्क पोचतो ते अर्जात दाखवता येते. जोडीदाराच्या कार्डावर ‘ऑथराइज्ड यूझर’ म्हणून नाव लावण्याचाही मार्ग आहे. फक्त त्या कार्डाचा हप्ता चुकला तर ते नाव लावलेल्या व्यक्तीच्या नोंदीतही उमटू शकते.

स्वतःचा अहवाल तपासला तर स्कोअर पडतो, ही भीती निराधार आहे. तिन्ही संस्थांचे अहवाल दर आठवड्याला फुकट मिळतात आणि ते पाहिल्याने काही बिघडत नाही. स्कोअरला थोडा धक्का बसतो तो नव्या कार्डांसाठी केलेल्या अर्जांनी, म्हणून एकामागून एक अर्ज करू नयेत. ‘पत दुरुस्त करून देतो’ म्हणत काम होण्याआधीच पैसे मागणे दुरुस्ती कंपन्यांना 1996 च्या संघीय कायद्याने मना केले आहे. सोशल सिक्युरिटीऐवजी दुसराच क्रमांक वापरायला सांगणारा तर तुम्हाला गुन्ह्यात ओढतो.

ही पद्धत नवख्यांवर अन्याय करते, मग तिच्या वाटेला जायचेच कशाला, असे कुणी म्हणेल. पहिला भाग खरा आहे: भारतात वीस वर्षे हप्ते चोख भरलेल्या माणसालाही इथे शून्यापासून सुरुवात करावी लागते. पण दूर राहण्याची किंमतही मोजावी लागते. घरभाडे, गृहकर्ज आणि बहुतेक राज्यांत मोटारीचा विमाही या नोंदीशी जोडलेला आहे. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई हे विम्याबाबतचे अपवाद. एका कार्डावर ठरलेला किराणा घ्यावा, दरमहा पूर्ण बिल फेडावे आणि सहा महिने थांबावे. कर्ज टाळण्याचे घरचे वळण इथे मोडावे लागत नाही. ते कार्डाच्या बिलावर दिसू द्यावे लागते, एवढेच.